सुभेदार रामजी सकपाळ : चरित्राच्या पहिल्या प्रकरणातील माणूस

थोर पुरुषांच्या मराठी चरित्रांचे पहिले प्रकरण बहुधा एकाच साच्यातले असते. मूळ गाव, आडनावाची हकीकत, घराण्यातील भक्तिपरंपरा, आईची माया आणि वडिलांची शिस्त. एकदा चरित्रनायक शाळेत जाऊ लागला की वडील पानांतून हळूहळू मागे सरतात आणि पुढे त्यांची गाठ एकदम मृत्यूच्या तारखेपाशी पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या वाट्याला बरेचसे हेच आले आहे. चां. भ. खैरमोडे यांच्या मराठी चरित्राचा पहिला खंड १९५२ साली निघाला, धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ साली. या दोन्ही ग्रंथांनी रामजींविषयी पुष्कळ सामग्री दिली आहे. परंतु आपण ती वाचतो ती 'पुढे काय घडणार' हे ठाऊक असल्याच्या थाटात. निवृत्त सैनिक, पोटासाठी गावोगाव नोकरी करणारा माणूस आणि मुलांत जीव गुंतलेला गृहस्थ अशा तीन नात्यांनी हे आयुष्य स्वतंत्रपणे वाचले तर काय दिसते, हे पाहण्याचा येथे आमचा प्रयत्न आहे.

रामजींचे घराणे मंडणगडाजवळच्या आंबडव्याचे. वडील मालोजी लष्करात होते. पत्नी भीमाबाई मुरबाडकर यांचे माहेरही लष्करी. कंपनी सरकारच्या आरंभापासून कोकणातील कित्येक महार कुटुंबांनी गावकीची परंपरागत कामे सोडून मुंबई इलाख्याच्या सैन्याची वाट धरली होती. या वाटेवर पगाराबरोबर आणखी एक गोष्ट मिळे, ती म्हणजे अक्षर. शिपायांच्या मुलांना आणि मुलींनाही लष्करात सक्तीचे शिक्षण होते, याकडे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात आवर्जून लक्ष वेधले आहे. ज्या काळी गावच्या शाळेची पायरी अस्पृश्य मुलाला बंद होती, त्या काळी छावणीतील शाळा त्याच मुलाला बसवून शिकवत होती. रामजी या व्यवस्थेतून घडले आणि नंतर ती व्यवस्था चालवणारे झाले. लष्कराच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले, असे कीर सांगतात. 'सुभेदार' या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे तलवार येते. रामजींच्या हातात मात्र आयुष्याचा मोठा काळ खडू होता. शिकवणे हा त्यांचा खरा पेशा होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी, १८९२ साली, सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स 'लढवय्या जातीं'च्या सिद्धांताचे खंदे पुरस्कर्ते होते, आणि त्या सिद्धांताने दक्षिणेतील जुन्या पलटणींतील अनेक जातींना एका फटक्यात नालायक ठरवले. या निर्णयाने नोकऱ्या तर गेल्याच, पण छावणीतील शाळेचे दारही मिटले. म्हणूनच या बंदीविरुद्ध जे अर्ज गेले त्यांत निवृत्त सैनिक पुढे दिसतात. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातूनच निवृत्त झालेले होते, आणि भरतीसाठीचा १८९४ चा अर्ज त्यांच्या नावाशी निगडित आहे. रामजींनीही या कामी न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य घेतले, असे कीर नोंदवतात. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा हीच मागणी केली. पहिल्या महायुद्धाच्या निकडीत १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभी राहिली, पण युद्ध संपताच ती मोडली गेली. महार रेजिमेंटची स्थापना व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत ज्या मुलांना छावणीतील शाळा लाभली नाही, त्यांच्या घरी रामजींसारखा मास्तर असेलच असे नव्हते. या पार्श्वभूमीवर रामजींचे पुढचे आयुष्य पाहिले पाहिजे.

१८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. चरित्रकार त्यांच्या पेन्शनचा आकडा दरमहा पन्नास रुपये देतात. प्रथम ते दापोलीला आले. 'काँप दापोली' हे तर लष्करी पेन्शनरांचेच गाव. पण तिथे त्यांचे बस्तान बसले नाही आणि कुटुंब साताऱ्यास गेले. तिथे १८९६ साली भीमाबाई वारल्या. चौदा अपत्यांपैकी पाच हयात होती : बळराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. आईवेगळ्या मुलांचा सांभाळ रामजींची बहीण मीराबाई करू लागली. त्या काळी पेन्शनवर एवढे घर चालणे कठीण होते, आणि म्हातारपणाकडे झुकलेल्या या सुभेदाराने पुन्हा नोकरी धरली. दुष्काळात उपासमारीने माणसे मरत असताना त्यांना काम मिळावे म्हणून मुंबई सरकारने सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील कोरेगाव येथे तलाव खोदायला घेतला होता. त्या कामावर रामजी रोखपाल म्हणून गेले. दुष्काळी मजुरांच्या पैशाचा हिशोब एका महार पेन्शनराच्या हाती होता, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे.

१९०१ च्या सुमारास मुले उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना भेटायला निघाली, तो प्रवास बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर टिपणात सांगितला आहे. मसूर स्टेशनवर उतरलेली नीटनेटक्या कपड्यांतली मुले, त्यांची जात कळताच बदललेला स्टेशनमास्तरांचा चेहरा, दुप्पट भाडे घेऊनही स्वतः गाडी न हाकणारा गाडीवान आणि रात्रभर न मिळालेले पाणी हा मजकूर आपल्या परिचयाचा आहे. अस्पृश्यतेचा दस्तऐवज म्हणून तो वर्गात शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्याच मजकुरात एका बापाचे चित्रही आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. प्रवासासाठी मुलांना विलायती धर्तीचे नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट आणि रेशीमकाठी धोतरे घेतली गेली होती. मुलांचे पत्र नोकराने रामजींना दिलेच नव्हते, म्हणून स्टेशनवर कोणी न्यायला आले नाही. या संपूर्ण कहाणीत वडील शेवटपर्यंत प्रत्यक्ष येत नाहीत, तरी प्रत्येक वळणावर ते आहेत. मुलांच्या अंगावरचे कपडे, त्यांचा आत्मविश्वास, आपल्याला कोणी अडवणार नाही ही त्यांची भाबडी समजूत, हे सारे रामजींनी घरात निर्माण केलेले होते. त्या घराच्या उंबरठ्याबाहेर ते किती टिकते, याचा हिशोब त्या एका रात्रीत झाला.

हे घर आतून कसे होते ते बाबासाहेबांनी १९५६ साली 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या, पण त्या वेळी ग्रंथाबरोबर न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत दिसते. रामजी कबीरपंथी, धार्मिक आणि कडक. मुलांकडून ते रामायण-महाभारत वाचून घेत. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्रांची अवहेलना आहे ते आम्ही का वाचावेत, असा प्रश्न मुलाने विचारला. त्यावर द्रोण, कर्ण आणि वाल्मीकी ही माणसे कुठून कुठे पोहोचली ते पाहा, मनातला न्यूनगंड जायला हवा, अशा आशयाचे उत्तर रामजींनी दिले. मुलाचे समाधान झाले नाही, आणि ते त्याने तोंडावर सांगितले. साहित्याच्या अभ्यासकांना या संवादाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एकाच ग्रंथाची दोन वाचने एका खोलीत समोरासमोर उभी आहेत. वडील परंपरेच्या आत राहून तिच्यातून बळ काढू पाहतात, तर मुलगा परंपरेचाच जाब मागतो. मुलाचे वाचन पुढे इतिहास झाले. पण जाब मागण्याइतका ग्रंथ पाठ करून घेणारा मास्तर घरातच होता आणि उलट प्रश्न विचारण्याची मुभाही त्याच घरात होती.

याच प्रस्तावनेत दुसरा प्रसंग आहे. मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून वस्तीतील लोकांना सत्कार करायचा होता. रामजींनी नकार दिला, कारण त्याने मुलाच्या डोक्यात हवा जाईल. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी समजूत घातली, सत्कार झाला आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. चरित्रकार हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकशी जोडतात. बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथीची परीक्षा म्हणतात. साल कोणतेही धरले तरी रामजींचा संकोच तोच राहतो.

१९०४ साली कुटुंब मुंबईस परळच्या डबक चाळीतील एका खोलीत आले. खोली लहान, म्हणून मुलाने लवकर निजावे आणि पहाटे दोनला त्याला उठवून वडिलांनी झोपावे, अशी व्यवस्था होती. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी लेकींकडे जात. प्रसंगी दागिना गहाण पडे आणि पेन्शन आली की सोडवला जाई. कीरांनी दिलेली ही हकीकत वाचताना आम्हांस रामजींइतकीच त्या दोन विवाहित बहिणींचीही आठवण ठेवावीशी वाटते. एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च घरातल्या मुलींच्या अंगावरून गेला, हेही या कर्तव्यकथेचे एक अंग आहे.

रामजींना निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. त्यांनी दुसरे लग्न केले आणि आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमरावांच्या मनात अढी बसली. मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम धरण्याचा बेतही त्यांनी केला होता. पुढे १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले तेव्हा रामजींची संमती नव्हती. तिथे मुलाला काय सोसावे लागेल, याचा अंदाज आयुष्यभर सरकारी नोकऱ्या केलेल्या माणसाला असणारच. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार बडोद्यास पोहोचली. परतताना भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरतेला उतरले, गाडी चुकली आणि ते उशिरा घरी आले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षीच्या जुलैत मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

दोन तारखांमधले हे अंतर पाहून चरित्रकाराला वडिलांचे काम पूर्ण झाले असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस ते पटत नाही. तसे म्हटले की रामजींचे आयुष्य पुन्हा पायरीच ठरते. सरकारने १८९२ साली जी शाळा बंद केली ती एका पेन्शनर मास्तराने आधी दापोलीत, मग साताऱ्यात आणि शेवटी परळच्या एका खोलीत पुढची जवळजवळ वीस वर्षे तुटपुंज्या मिळकतीवर चालू ठेवली. तिच्यातला एक विद्यार्थी जगाला ठाऊक झाला. तो झाला नसता तरी ती शाळा तितकीच खरी राहिली असती, आणि तिची नोंद ठेवणे हे इतिहासाचे काम राहिले असते. पहिले प्रकरण वर्गात शिकवताना, दुसऱ्याकडे वळण्यापूर्वी, एवढे थांबायला हरकत नसावी.