आईचे गाऱ्हाणे आणि मुलांची स्तोत्रे

पवनेच्या काठचे रावेत 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि तेव्हापासून तेथील शेतांच्या जागी उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. या इमारतींतील तरुण कुटुंबे पुष्कळशी बाहेरगावची. कोणी विदर्भातले, कोणी खानदेशातले, चाकण-हिंजवडीच्या नोकरीसाठी आलेले. घरात दोन लहान मुले, सासूबाई गावी, आई दुसऱ्या गावी आणि नवरा रात्रपाळीवर. अशा घरातील स्त्री संध्याकाळी मुलाच्या पाठीत धपाटा घालते, आणि मूल झोपल्यावर त्याच्या अंगावरून हात फिरवीत स्वतःस दूषणे देते. हे नव्या राहणीचे फळ आहे, पूर्वीच्या बायका आठ-आठ मुले वाढवीत आणि कुरकुर करीत नसत, असे आमचे वडीलधारे सांगतात. कुरकुर करीत नसत, की ती लिहून ठेवण्याची सोय नव्हती, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मराठी वाङ्मयात आई आली ती मुख्यतः मुलांच्या लेखणीतून, आणि तीही बहुधा आई गेल्यानंतर. साने गुरुजींच्या मातोश्री यशोदाबाई 1917 साली वारल्या; 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिली गेली. मधल्या सोळा वर्षांत आईची आठवण शोकाने इतकी धुतली गेली की तिच्यावर रागाचा एकही डाग उरला नाही. 1953 साली आचार्य अत्रे यांनी त्या पुस्तकावर चित्रपट काढला, त्यास पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि त्यानंतर महाराष्ट्रातील प्रत्येक आईला त्या मातेच्या शेजारी उभे राहून स्वतःस मोजून घ्यावे लागले. पुस्तकाचे मोठेपण आम्हांस मान्यच आहे. परंतु त्यातीलच पोहण्याचा प्रसंग वाचकांनी पुन्हा एकवार पाहावा. पाण्यास भिणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारीत घराबाहेर काढते. तो पोहून येतो तेव्हा तीच आई त्याच्या पाठीवरचे वळ पाहते आणि त्यास दही देते. श्यामने त्या माराचा अर्थ प्रेम असा लावला, आणि तो खराही असेल. पण त्या वेळी, मुलगा विहिरीवर गेल्यानंतर, घरात एकट्या राहिलेल्या त्या बाईच्या मनात काय चालले होते, हे सांगावयास ती कथा थांबत नाही. ती मुलाची कथा आहे. तिने थांबावे तरी कशाला?

योगायोग असा की याच सुमारास, त्याच नाशिकच्या परिसरातील एका स्त्रीचे आत्मचरित्र प्रसिद्ध होत होते. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म 1868 साली नाशिकजवळील जलालपूरचा. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने बाहेर पडली. अकराव्या वर्षी लग्न, नवरा कवी आणि लहरी, न सांगता कोठेही निघून जाणारा, घरातले होते नव्हते ते दुसऱ्यास देऊन टाकणारा. 1895 च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा मुलगा देवदत्त, म्हणजे घरचा दत्तू, चार वर्षांच्या आतबाहेर होता. त्यास घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षे आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. दुःखाने वेडीपिशी झालेल्या बाईच्या पदराशी एक हट्टी, निरागस मूल, आणि भोवती सल्ला देणारे पुष्कळ लोक. यापेक्षा आईपणाची कठीण परीक्षा ती कोणती? आणि तरीही आपण या परीक्षेत उत्तम उतरलो असा आव लक्ष्मीबाईंनी पुस्तकात कोठेही आणलेला नाही. आपला तापटपणा, भाबडेपणा, धांदल ही सर्व त्या हसत सांगतात. आमच्या मते मराठीत आईने स्वतःच्या अपुरेपणाकडे पाहून मोकळेपणाने हसावे, ही घटना येथेच प्रथम इतक्या ठसठशीतपणे घडली. श्यामच्या आईइतकी प्रसिद्धी मात्र या आईला लाभली नाही.

एकत्र कुटुंबाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण हल्ली त्याची आठवण फार गोड करून काढली जाते. तेथे मूल आजीच्या मांडीवर, आत्याच्या कडेवर वाढे, हे खरे; आईच्या हातून चूक झाली तर ती झाकावयास दुसरे दहा हात असत. पण वडीलमाणसांदेखत स्वतःच्या मुलास उचलून घेणे अनेक घरांत मर्यादेचा भंग मानले जाई, आणि आई स्वतःच कित्येकदा पोर असे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मूल दहा दिवसांचे होऊन गेले. पुढे 1886 साली फिलाडेल्फियास त्यांनी वैद्यकीची पदवी घेतली तेव्हा प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. या निवडीवर भाष्य करण्याची गरज नाही. मुलींच्या लग्नाचे वय निदान चौदा असावे हे कायद्याने ठरावयास 1929 साल उजाडावे लागले.

गरिबांच्या घरी दहा हातही नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांस अफूची बाळगोळी देऊन निजवीत आणि कामावर जात. त्या काळच्या सुधारकांनी यावर पुष्कळ हळहळ व्यक्त केली, आणि पुष्कळांनी ती आईच्या अज्ञानावर ढकलली. दहा तास साच्यापाशी उभ्या राहणाऱ्या स्त्रीने मूल कोठे ठेवावे हे सांगणारे थोडे. प्रसूतीच्या काळात भत्ता देणारा मुंबई इलाख्याचा कायदाही 1929 चाच. पुढे 1961 चा केंद्रीय कायदा झाला, आणि 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास कामगारांच्या आस्थापनेस पाळणाघर आवश्यक ठरले. रावेतची सून त्या कायद्याच्या छायेत आहे, पण सत्ताविसावा आठवडा तिलाही येतोच.

विसाव्या शतकात बालशिक्षणाचे शास्त्र आले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला आणि मुलास मारू नये, धाक घालू नये, हे घरोघर सांगितले. हे कार्य थोरच होते. परंतु त्यातून आईला एक नवी धास्तीही मिळाली. पूर्वी तिने मुलाचे पोट आणि वळण सांभाळले म्हणजे पुरे. आता त्याचे मनही तिच्याच हिशेबी जमा झाले. ज्या माँटेसोरीबाईंच्या पद्धतीवर हे सर्व उभे होते, त्यांचा स्वतःचा मुलगा मारिओ 1898 साली जन्मला आणि खेड्यात परक्या कुटुंबात वाढला. तो आईजवळ आला तेव्हा चांगला मोठा झाला होता. 1939 साली माँटेसोरीबाई हिंदुस्थानात आल्या तेव्हा तोच सोबत होता, आणि त्याच्या मनात किल्मिष होते असे दिसत नाही. मुलाला निर्दोष आई लागत नाही, पुरेशी चांगली लागते, हे इंग्लंडातील बालवैद्य विनिकॉट यांनी मांडले ते त्यानंतर.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून तीव्र आहे. 1883 साली त्या विलायतेस गेल्या तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती आणि वडील आधीच गेले होते. वाँटेजच्या मठातील भगिनींनी मुलीस सांभाळले. रमाबाई 1886 साली अमेरिकेस गेल्या, आणि विधवांच्या शाळेसाठी व्याख्याने देत हिंडावयाचे ठरल्यावर त्यांनी मनोरमेस पुन्हा त्या भगिनींकडे धाडले. तिला धर्म कोणता आणि किती शिकवावा यावरून सिस्टर जेराल्डीन आणि रमाबाई यांच्यात पत्रांतून जे वाद झाले, ते वाचताना जाणवते की दूर राहणाऱ्या आईला मुलीवरचा आपला हक्क दर टपालाला नव्याने सिद्ध करावा लागत होता. 1889 साली शारदासदन निघाले. पुढे मनोरमा शिकून आली आणि आईच्याच संस्थेत शिकवू लागली, तिचा उजवा हात झाली. ती 1921 च्या जुलैत गेली. रमाबाई पुढल्या एप्रिलात.