नसीहत
पेशवेकालीन पत्रांत शत्रूला ‘नसीहत’ देणे म्हणजे शिक्षा करणे, अद्दल घडवणे. मूळ अरबी अर्थ मात्र कळकळीचा सल्ला. त्याच धातूपासून ‘मुनासहा’, म्हणजे समुपदेशन. सीरियाच्या यादवीत देशोदेशींचे लढवय्ये ओढले जात होते, तेव्हा 2014 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने दहशतवादविरोधी कायदा केला. त्यात मुनासहा केंद्रे आली. ‘धोकादायक’ ठरलेल्याला शिक्षा भोगून झाल्यावरही तिथे ठेवता येते. आणि अडकले कोण? 2013 च्या ‘यूएई 94’ खटल्यातले कित्येक कैदी. त्यांनी हाती शस्त्र घेतले नव्हते, राजकीय सुधारणा मागितल्या होत्या. सुटकेची तारीख उलटून वर्षे गेली, तरी त्यांना घरी सोडले नाही. याला सल्ला म्हणणे मला मान्य नाही. इथे आपल्या जुन्या दप्तरांतला अर्थच खरा आहे.