वहीत नसलेलं गाणं

नागपूरच्या फलाटावर रात्रीची गाडी लागली आहे. तुम्ही खिडकीशी बसता, तोंड मुंबईकडे. या मार्गावर १८६७ पासून गाड्या धावतात, त्यामुळे मागे जायला जागा भरपूर आहे.

वर्धा गेलं. बडनेरा गेलं. स्टेशनागणिक वर्षं गळत जातात. अकोल्याला माथ्यावरच्या विजेच्या तारा दिसेनाशा होतात, भुसावळला कोळशाचा कण डोळ्यात जातो. डोळे चोळत जळगावला उतरता, तेव्हा विसाव्या शतकाची पहिली पंधराएक वर्षंच सरलेली असतात.

पहाट आहे. जुन्या गावात चौधरींचा वाडा. आतून घरघर येते. खान्देशात जात्याला घरोट म्हणतात ते का, हे कोणी न सांगता कळतं. एक पाय लांब सोडून बहिणाबाई दळायला बसली आहे. पस्तिशीची बाई, कपाळ मोकळं. नवरा नथुजी जाऊन काही वर्षं झाली. ओंकार, सोपान आणि काशी, तीन लेकरं पदरात.

तुम्ही समोर बसून खुंट्याला हात लावता. ती मुठीने दाणे वैरते, पाळं फिरतं आणि त्या फेऱ्यातच गाणं सुरू होतं. लेवा गणबोली. खान्देशीत वऱ्हाडी मिसळलेली, म्हणून तुमच्या नागपुरी कानाला अर्धी ओळखीची वाटते. खिशातून कागद काढता. एक ओळ उतरवेपर्यंत ती चार ओळी पुढे गेलेली असते. शिवाय खुंटा सोडला की दळण अडतं. कागद परत खिशात जातो.

दिवस वर येतो. तिच्या मागून वावरात जाता. ही वाट तिच्या पायांना लहानपणापासूनची. जन्म इथून जवळच्या असोद्याचा, १८८० सालच्या नागपंचमीचा, महाजनांच्या शेतकरी घरातला. शाळा तिने पाहिली नाही. लग्न तेराव्या वर्षी झालं. गाणं शिकवलं कोणी, तर सरस्वतीने, अशी तिची समजूत. देवाला शोधायला तिला लांब जावं लागत नाही. काळ्या मातीत पेरलेलं बी मोड धरून वर येतं, तिथे ती थबकते आणि हात जोडल्यासारखं बघते. मग पुन्हा निंदायला वाकते.

दुपारी बांधावर कळण्याची भाकर आणि ठेचा. जेवण झाल्यावर ती बैलाच्या गळ्यातल्या घुंगरावर काहीतरी गुणगुणते. आजूबाजूला कोणी नाही. तुम्ही ऐकता, मान डोलावता. कागदाची आठवणही होत नाही.

संध्याकाळी दिव्याशी सोपान शाळेच्या पुस्तकातली सावित्रीची गोष्ट मोठ्याने वाचतो. ती काम करता करता ऐकते. सकाळी तीच गोष्ट गाणं होऊन तिच्या तोंडी असते. पोरगा चकित होतो आणि वही उघडतो. पुढे तो स्वतः कवी होईल. तो आणि मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तेवढं टिपत राहतील.

परतीची गाडी वेगात आहे. ३ डिसेंबर १९५१ हा दिवस खिडकीबाहेरून जातो. त्या दिवशी ती गेली. पाठोपाठ मुंबई दिसते. सोपानदेव आचार्य अत्र्यांना वही दाखवताहेत, आणि अत्रे पानामागून पान वाचत सुटले आहेत. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून येतं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. २०१८ पर्यंत पोचता, तर जळगावच्या विद्यापीठाला तिचं नाव मिळालेलं.

नागपूर. घरी येऊन तुम्ही कपाटातून ते पुस्तक काढता. मन आहे, सुगरणीचा खोपा आहे, घरोट आहे, संसार आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवता. घुंगराचं ते गाणं कुठेच नाही. त्या दुपारी सोपान शाळेत होता. बांधावर तुम्ही एकटेच होता, आणि आता तुम्हालाही फक्त मान डोलावल्याचं आठवतं.