नागासाकी
जपानच्या क्यूशू बेटावरील अतिपश्चिमेकडील प्रीफेक्चर (प्रशासकीय विभाग). क्षेत्रफळ सु. ४,१३० चौ. किमी.; लोकसंख्या सु. १३·१२ लक्ष (२०२०). ईशान्येस सागा प्रीफेक्चर असून अन्य बाजूंस समुद्र आहे. नागासाकी हे राजधानीचे ठिकाण. सासेबो हे दुसरे मोठे शहर व नाविक तळ. त्सुशिमा, ईकी, हिरादो व गोतो ही प्रमुख बेटे याच विभागात मोडतात. किनारा अत्यंत दंतुर असल्याने येथे उत्तम नैसर्गिक बंदरे निर्माण झाली. सपाट जमीन मात्र अल्प आहे. डोंगरउतारांवर बटाटे व फळे पिकवितात. मासेमारी, जहाजबांधणी व हासामी येथील चिनी मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. शिमाबारा द्वीपकल्पावर उन्झेन हा जागृत ज्वालामुखी असून १७९२ मध्ये तेथील डोंगरकडा कोसळून उसळलेल्या समुद्रलाटांत सु. १५,००० लोक मृत्युमुखी पडले. १९९१ मधील उद्रेकात ४३ जणांचा बळी गेला.

आशिया खंडाशी असलेल्या सान्निध्यामुळे या प्रदेशास परकीय संपर्काचा लाभ व उपसर्ग दोन्ही घडले. १२७४ व १२८१ मधील मंगोल आक्रमणांचा पहिला आघात त्सुशिमा व ईकी या बेटांवर झाला. १५५० मध्ये पोर्तुगीज जहाज हिरादोस लागले. त्याच वर्षी फ्रान्सिस झेव्हिअर तेथे आला. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला सरदार ओमुरा सुमितादा याने १५७१ मध्ये नागासाकी हे लहानसे खेडे पोर्तुगीज व्यापारास खुले केले आणि १५८० मध्ये ते जेझुइटांच्या स्वाधीन केले. धर्मप्रसाराबरोबर परकीय सत्ताही येईल, या शंकेने तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये धर्मोपदेशकांना हद्दपारीचा हुकूम दिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ ख्रिस्ती व्यक्तींना नागासाकी येथे क्रुसावर चढविण्यात आले. महाराष्ट्रातील वसई येथे जन्मलेले फ्रान्सिस्कन धर्मबंधू गोन्सालो गार्सिया हे त्यांपैकी एक होत. त्यांना १८६२ मध्ये संतपद देण्यात आले.

जबर कर व धर्मछळ यांमुळे शिमाबारा येथे १६३७-३८ मध्ये उठाव झाला. हारा किल्ल्याच्या पाडावानंतर तो निर्घृणपणे मोडण्यात आला. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना देशबंदी झाली व १६४१ मध्ये हिरादोची डच वखार देजिमा या पंख्याच्या आकाराच्या कृत्रिम बेटावर हलविण्यात आली. पुढे दोन शतकांहून अधिक काळ पाश्चात्त्यांशी व्यापाराचे हेच जपानचे एकमेव द्वार होते. चिनी व्यापारही नागासाकीतून चाले. वैद्यक, खगोल व शस्त्रविद्या यांचे ज्ञान याच मार्गाने देशात आले. जर्मन वैद्य झीबोल्ट याने १८२४ पासून येथे जपानी विद्यार्थी तयार केले. १८४९ मध्ये देवीची लस येथूनच देशभर पसरली.

१८५९ मध्ये बंदर परकीय व्यापारास खुले झाले व आधुनिक जहाजबांधणीचा उदय झाला. १८६५ मध्ये ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामीच्या काही गावकऱ्यांनी फ्रेंच पाद्र्यास आपला धर्म सांगितला, तेव्हा सु. अडीचशे वर्षे गुप्तपणे ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्यांचे अस्तित्व जगास कळले. तरीही त्यांपैकी अनेकांना हद्दपारी भोगावी लागली. बंदी उठली ती १८७३ मध्ये. परत आलेल्यांनी उराकामी येथे विशाल चर्च उभारले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वा. २ मिनिटांनी अमेरिकेने टाकलेल्या अणुबाँबचा स्फोट याच उराकामी खोऱ्यावर झाला. नियोजित लक्ष्य कोकुरा हे होते. परंतु तेथे दृश्यता नसल्याने विमान नागासाकीकडे वळले. वर्षाअखेरपर्यंत सु. ७४,००० लोक मरण पावले. चर्च उद्ध्वस्त झाले व तेथे प्रार्थनेस जमलेले भाविक प्राणास मुकले. छळातून तगलेला हा समाज अशा रीतीने पुन्हा संहाराच्या खाईत लोटला गेला. चर्चची पुनर्बांधणी १९५९ मध्ये झाली.

शांतता उद्यान व तेथील शिल्पकार कितामुरा यांचा पुतळा (१९५५), अणुबाँब संग्रहालय, ओउरा चर्च, ग्लव्हर निवास (१८६३) आणि पूर्वरूपात उभारलेले देजिमा ही प्रेक्षणीय स्थळे होत. १९७४ मध्ये बंद पडलेली हाशिमा बेटावरील कोळसा खाण २०१५ मध्ये जागतिक वारशात समाविष्ट झाली. युद्धकाळात तेथे कोरियन कामगारांना सक्तीने राबविल्यामुळे हा निर्णय वादग्रस्त ठरला. गुप्त ख्रिस्ती समाजाशी निगडित स्थळांना हा दर्जा २०१८ मध्ये लाभला.