ग्रंथाची किंमत आणि वाचकाचे स्थान

मराठी वाङ्मयेतिहासात ग्रंथाच्या किमतीचा विचार बहुधा प्रकाशनव्यवसायाच्या अनुषंगाने येतो. वाचकाच्या संकल्पनेशी त्याचा संबंध क्वचितच जोडला जातो. स्वस्त ग्रंथ दुकानातून घ्यावा की ऑनलाइन मागवावा, हा वादही त्यामुळे सवलतीच्या टक्केवारीपाशी थांबतो. वस्तुतः ग्रंथ स्वस्त करण्याच्या प्रत्येक रीतीने वाचकाला निराळी भूमिका दिली आहे.

एकोणिसाव्या शतकात आगाऊ वर्गणी भरणारा वाचक ग्रंथ छापला जाण्यापूर्वीच त्याच्या जोखमीत वाटेकरी होत असे. मुंबईत टी. एन. शानभाग यांच्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ने (१९४८–२०१८) इंग्रजी ग्रंथांवर सवलत दिली, तशीच ते हाताळून पाहण्याची मोकळीकही दिली, येथे वाचक हा शोधक होता. ‘ग्रंथाली’ने १९७०च्या दशकात वर्गणीची जुनी कल्पना वाचक चळवळीच्या रूपात पुन्हा मांडली. सभासदाला ग्रंथ कमी किमतीत मिळे आणि त्याच्या विश्वासावर अपरिचित लेखकाचा ग्रंथ काढण्याचे धाडस करता येई. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) याच संस्थेने प्रकाशित केले, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

तथापि या इतिहासाचा केंद्रबिंदू महानगरच राहिला. वसई तालुक्यातील वटारसारख्या गावच्या वाचकाला गिरगाव, दादर वा फोर्ट गाठावयाचे तर ग्रंथाच्या किमतीत रेल्वेभाडे आणि खर्ची पडलेला दिवस मिळवावा लागे. २००७ साली बेंगळुरूत ‘फ्लिपकार्ट’चा आरंभ पुस्तकविक्रीने झाला आणि पुढे अशा विक्रीव्यवस्थांनी हे अंतर पुष्कळ कमी केले. जुन्या दुकानांच्या स्मरणरंजनात हा लाभ नाकारणे अन्यायाचे होईल.

प्रश्न निराळाच आहे. ऑनलाइन खरेदीत शोध बहुधा आधी ठाऊक असलेल्या ग्रंथाच्या वा लेखकाच्या नावाने घेतला जातो. शिफारशीही मुख्यतः पूर्वीच्या खरेदीवरून केल्या जातात. म्हणजे स्वस्त होतो तो प्रामुख्याने परिचित ग्रंथ. हान्स रॉबर्ट याउस यांची ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पना येथे उपयोगी पडते. वाचकाचे क्षितिज विस्तारते ते त्याच्या अपेक्षेत न बसणाऱ्या कृतीशी गाठ पडल्याने, आणि ही गाठ घालून देणारी व्यवस्था ऐतिहासिक असते. ‘बलुतं’ची नवता केवळ संहितेत शोधणारी समीक्षा या व्यवस्थेकडे दुर्लक्ष करते. म्हणून वटारच्या वाचकाला ग्रंथ किती रुपयांना मिळाला, याबरोबरच कोणता ग्रंथ त्याच्या दृष्टीस पडू शकला, हेही ग्रहणाच्या इतिहासात नोंदले गेले पाहिजे.