‘टेररिस्ट’ बाजूने खेळताना : काउंटर-स्ट्राइकचा एक उशिरा केलेला अभ्यास

‘काउंटर-स्ट्राइक’ हा संगणकावरचा गोळीबाराचा खेळ जून १९९९ मध्ये पहिल्यांदा लोकांच्या हाती आला. आपल्याकडे नेट कॅफे आणि इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलांमधून जी आवृत्ती गाजली, ती १.६. ती सप्टेंबर २००३ ची. मी मात्र हा खेळ सुरू केला गेल्या हिवाळ्यात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर. माझ्या बरोबरीची मुले तासावर पैसे मोजून तो खेळत होती, तेव्हा मी नोकरीच्या मागे होतो. त्यामुळे या खेळाबद्दल मला जुन्या आठवणींचा लळा नाही. वीस वर्षांनी एखादा जुना दस्तऐवज उघडावा, तसा मी तो उघडला आणि त्यात आपल्या काळाचा बराच इतिहास सापडला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन संघ असतात. एकाचे नाव ‘टेररिस्ट’, दुसऱ्याचे ‘काउंटर-टेररिस्ट’. खेळणारी मुले म्हणतात, ‘टी’ आणि ‘सीटी’. टी संघाने ठरलेल्या दोन जागांपैकी एका जागी बॉम्ब लावायचा, सीटी संघाने तो अडवायचा किंवा निकामी करायचा. निकामी करायला दहा सेकंद लागतात. दोनशे डॉलरचे हत्यारांचे किट घेतले असेल तर पाच. पहिल्या राउंडला प्रत्येकाच्या खिशात आठशे डॉलर, म्हणजे फार तर एक बरे पिस्तूल. पुढे जिंकत गेलात तर एके-४७ घ्यायची ऐपत येते. आणि गोळी लागून मेलात की त्या राउंडपुरते संपलात. पुढचा राउंड सुरू होईपर्यंत जिवंत साथीदारांच्या पाठीमागून नुसते बघत बसायचे. मी बहुतेक वेळ मेलेलाच असतो, त्यामुळे मला हा खेळ पाहायला भरपूर वेळ मिळाला.

पाहताना पहिली गोष्ट लक्षात आली, ती या खेळातली समता. दोन्ही बाजूंना पैशाचे नियम सारखेच. दोन्ही बाजूंना हेडशॉट तसाच लागतो. रेडिओवर ‘गो गो गो’ किंवा ‘फायर इन द होल’ ओरडणारा आवाजसुद्धा दोन्हीकडे एकच आहे, अस्सल अमेरिकन. म्हणजे चेहऱ्यावर फडके गुंडाळलेला, हातात एके-४७ घेतलेला माणूसही अमेरिकी फौजदारासारखाच बोलतो. स्पर्धांमध्ये अर्धे राउंड झाले की बाजू बदलतात. काल जो बॉम्ब लावत होता, तोच आज बॉम्ब शोधतो. ‘टेररिस्ट’ ही इथे माणसाची ओळख नाही. कबड्डीत चढाई करणारा आणि पकड करणारा असतो, तशी ती एक पाळी आहे.

खेळ कसा जन्मला, तेही पाहण्यासारखे आहे. ‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकन कंपनीने १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ नावाचा खेळ काढला होता. त्यात फेरफार करून आपला खेळ बनवायची साधने कंपनीने लोकांना देऊन ठेवली होती. व्हिएतनामी वंशाचा कॅनेडियन विद्यार्थी मिन्ह ली आणि अमेरिकेतला जेस क्लिफ यांनी त्या साधनांनी काउंटर-स्ट्राइक उभा केला. पोलिसी कारवाया आणि ॲक्शन चित्रपट यांची त्यांना आवड होती. खेळ इतका पसरला की २००० मध्ये व्हॉल्व्हने त्याचे हक्क घेतले, दोघांना कामावर घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो दुकानांत आणला. यामागे कुठलेही सैन्य, सरकार किंवा प्रचारखाते नव्हते. हे नीट लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे चित्र बदलते.

बाजू निवडल्यावर खेळ विचारतो, कोणत्या तुकडीत जाणार? सीटीकडे चार तुकड्या : अमेरिकेची सील टीम सिक्स, जर्मनीची जीएसजी-९, ब्रिटनची एसएएस आणि फ्रान्सची जीआयजीएन. चारही खऱ्या. त्यांच्या परिचयात खरा इतिहास येतो. जीएसजी-९ च्या परिचयात १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हत्याकांडाचा उल्लेख आहे. टीकडेही चार टोळ्या आहेत, पण चारही काल्पनिक. एक सोव्हिएत संघ फुटल्यावर पूर्व युरोपात उभी राहिलेली. एक चक्क स्वीडनची, बर्फातल्या पोशाखातली. उरलेल्या दोन मध्यपूर्वेतल्या. त्यांपैकी एकीचे ध्येय जगावर राज्य करण्याचे, आणि दुसरीने म्हणे १९८२ मध्ये रॉक संगीतकारांनी भरलेली शाळेची बस उडवली होती!

ही उघड थट्टा आहे आणि मी ती वाचून हसलोही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने थट्टेतली मांडणीही पाहावी. पोलिसांना खरी नावे, खरी स्थापना, खरा भूतकाळ. समोरच्यांना भूतकाळ नाही. त्यांना फक्त दुष्टपणा आहे. आणि हे लिहिले गेले तेव्हा न्यूयॉर्कचे दोन्ही मनोरे उभे होते. चारातल्या दोन टोळ्या मध्यपूर्वेला देण्यासाठी कुणाला ११ सप्टेंबरची वाट पाहावी लागली नाही. हॉलिवूडच्या चित्रपटांनी ती जागा आधीच आखून ठेवली होती. तरीही स्वीडन आणि पूर्व युरोप तिथे होते, म्हणजे १९९९ पर्यंत ‘टेररिस्ट’ या शब्दाचा चेहरा पूर्णपणे एकाच कौमचा झालेला नव्हता, असेही म्हणता येते.

आता ‘डस्ट’ या मॅपकडे येऊ. मॅप म्हणजे खेळाचे मैदान. पिवळट दगडी भिंती, कमानी, बोळ, लाकडी खोकी. कुणीही पाहताच म्हणेल, हे अरबस्तानातले गाव. १९९९ च्या अखेरीस आलेला हा मॅप डेव्ह जॉन्स्टन या किशोरवयीन ब्रिटिश मुलाने बनवला. त्याने हे गाव कुठे पाहिले? व्हॉल्व्हच्या दुसऱ्या एका, तेव्हा बाजारात न आलेल्या ‘टीम फोर्ट्रेस २’ या खेळाच्या जाहिरातीतील चित्रांत. पुढे तो खेळ २००७ मध्ये आला, तेव्हा त्याचे रूप संपूर्ण बदललेले होते. म्हणजे मूळ चित्रातले वाळवंट नाहीसे झाले आणि त्यावरून काढलेले गाव मात्र राहिले. मार्च २००१ मध्ये जॉन्स्टनने ‘डस्ट २’ केला. तो जगातल्या सर्वांत जास्त खेळल्या गेलेल्या मॅपपैकी एक मानला जातो. बगदाद किंवा दमास्कस कधी न पाहिलेल्या लाखो मुलांना या गावाचा बोळन् बोळ पाठ आहे. कोणत्या दरवाजाआड बंदूकवाला लपतो, हे माझा भाचा डोळे मिटून सांगतो.

मेल्यानंतरच्या फावल्या वेळात मी हे गाव नीट न्याहाळले. कमानी आहेत, पण त्याखाली दुकान नाही. वजूला पाणी नाही, चूल नाही, लहान मुलाची चप्पल नाही. दोन्ही संघ बाहेरून येतात, लढतात आणि राउंड संपला की गाव पुन्हा कोरे होते. इथे राहणारे लोक कुठे गेले, हा प्रश्न खेळात कुणी विचारत नाही. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला आणि टीव्हीवर फलुजाच्या गल्ल्या दिसू लागल्या, तेव्हा जगभरच्या तरुण डोळ्यांना त्या गल्ल्या ओळखीच्या वाटल्या असणार. पण त्या ओळखीत माणसे नव्हती.

११ सप्टेंबरनंतर या खेळप्रकाराने वेगळे वळण घेतले. ४ जुलै २००२ रोजी अमेरिकेच्या सैन्याने स्वतःच ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ फुकट वाटायला सुरुवात केली. सैन्यभरतीला मदत व्हावी, हा उघड हेतू. त्यातली एक युक्ती विलक्षण आहे. समोरासमोर लढणाऱ्या दोन्ही संघांतल्या प्रत्येक खेळाडूला आपल्या पडद्यावर स्वतःचा संघ अमेरिकन सैनिकांचा दिसतो आणि समोरचा शत्रूचा. म्हणजे शत्रू कुणीच होत नाही. शत्रू फक्त दिसतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये निदान पाळी होती. इथे पाळीच काढून टाकली.

दुसऱ्या बाजूनेही उत्तरे आली. दमास्कसच्या दार अल-फिक्र या प्रकाशनसंस्थेने पहिल्या इंतिफादावर ‘तहत अल-रमाद’, म्हणजे ‘राखेखाली’, हा खेळ काढला. त्यात सामान्य नागरिकाला मारले की खेळ संपतो. २००३ मध्ये लेबनॉनच्या हिजबुल्लाहने ‘स्पेशल फोर्स’ काढला, त्यात इस्रायली नेत्यांच्या चित्रांवर नेमबाजीचा सराव होता. पहिल्या खेळाने निदान एक नैतिक अट घातली. दुसऱ्याने समोरच्याचाच साचा उलटा करून वापरला. चेहरे बदलले, पण माणूस निशाणच राहिला. आपल्या बाजूचा म्हणून त्याचे कौतुक करावे, असे मला वाटत नाही.

२००९ च्या ‘कॉल ऑफ ड्युटी : मॉडर्न वॉरफेअर २’ मध्ये ‘कराची’ नावाचा मॅप आहे. त्यातल्या पाट्या अरबी भाषेत आहेत. कराचीत उर्दू लिहिली जाते, हे कोट्यवधी डॉलरच्या उद्योगात कुणाला तपासावेसे वाटले नाही. आणि २०१० मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ या खेळात ऑनलाइन लढतीत एका संघाचे नाव ‘तालिबान’ ठेवले, तेव्हा ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांपासून शहीद सैनिकांच्या नातलगांपर्यंत संताप उसळला. शेवटी बाजारात येण्याआधी ते नाव बदलून नुसते ‘विरोधी दल’ केले गेले. त्या कुटुंबांचे दुःख खरे होते. पण अकरा वर्षांपूर्वी ‘टेररिस्ट’ होऊन खेळण्यात कुणाला गैर वाटले नाही आणि आता वाटले, यातून एक गोष्ट कळते. १९९९ मध्ये तो शब्द बराचसा पोकळ होता. मधल्या दशकाने त्यात माणसे भरली.

ती माणसे कोण, हे महाराष्ट्रातल्या मुस्लिम वाचकाला सांगायला नको. आपल्याकडे काउंटर-स्ट्राइकचा जो बहराचा काळ, त्याच काळात, ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावात स्फोट झाले. मेले ते मुसलमान, आणि पकडले गेले तेही मुसलमान तरुण. त्यांना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले २०१६ मध्ये. कॅफेत बसलेल्या मुलाला बाजू निवडायला एक बटण पुरत होते आणि सोडायलाही. बाहेर ज्यांची बाजू दुसऱ्या कुणी निवडली, त्यांना ती उतरवायला दहा वर्षे लागली.

म्हणूनच भाच्याने सांगितलेली एक गोष्ट मला खेळातली गोष्ट वाटली नाही. तो सुरुवातीला ऑनलाइन सर्व्हरवर स्वतःच्या खऱ्या नावाने उतरायचा. एकदा टी संघात गेल्यावर कुणीतरी लिहिले, ‘हा तर ओरिजिनल टी!’ बाकीचे हसले. पुढच्या वेळी सीटीत गेला, तर ‘चुकून आलास का?’ मी विचारले, “मग तू काय केलंस?”

“काही नाही, मामू. नाव बदललं. आता ‘वडापाव’ नावाने खेळतो.”

“आणि मग?”

“मग काय, सगळे फक्त खराब खेळतो म्हणून शिव्या देतात.”

हे सांगताना तो हसत होता. सगळ्यांच्या वाट्याला येणाऱ्या शिव्या आपल्याही वाट्याला याव्यात, एवढीच त्याची मागणी होती. समान नागरिकत्वाची याहून साधी व्याख्या मी ऐकलेली नाही. खेळाच्या नियमांनी त्याला ती समता दिलीच होती. खेळणाऱ्यांनी ती काढून घेतली.

आपल्या मोहल्ल्यात व्हिडिओ गेमची चर्चा निघते, ती दोनच अंगांनी : वेळ वाया जातो का, आणि जायज आहे की नाही. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण तिसरा प्रश्नही विचारायला हवा. हा खेळ कुणी लिहिला, कुणाच्या गावात रचला आणि त्या गावातली माणसे कुठे ठेवली? आईवडिलांनी मुलाच्या शेजारी तासभर बसून हे विचारले, तर बंदीपेक्षा जास्त उपयोग होईल. चेक अभ्यासक वित शिस्लर यांनी २००८ मध्येच खेळांतल्या अरब आणि मुस्लिम प्रतिमांवर सविस्तर लिहिले आहे. विद्यापीठात ज्याचा अभ्यास होतो, ते आपल्या घरात नुसते ‘टाइमपास’ म्हणून सोडून देऊ नये.

आणखी एक. डस्ट बनवणारा मुलगा किशोरवयीन होता आणि त्याची साधने फुकट मिळणारी होती. ती आजही मिळतात. माझ्या भाच्याने त्यांतून आपल्या गल्लीचा मॅप करायला घेतला आहे. दूधवाल्याचा ओटा, मशिदीचा जिना, नळाची रांग हे सगळे त्याने भिंतींतून आणि खोक्यांतून जमवले. मग तो माणसे शोधू लागला. दुकानात बसलेला, पाणी भरणारा, नमाजला निघालेला माणूस ठेवायची सोय या जुन्या खेळात नाही. ज्याच्या हातात बंदूक नाही अशा माणसाला इथे एकच जागा आहे : ओलीस. मॅप अजून अपुरा आहे. नळाच्या रांगेत त्याने सध्या नुसत्या बादल्या ठेवल्या आहेत.