चाळीसगावचा टांगा आणि वसतिगृहाचा प्रश्न

चाळीसगावचा टांगा आपल्याकडे केवळ अपमानाची आठवण म्हणून सांगितला जातो. आम्हांस त्यात खानदेशच्या शिकू पाहणाऱ्या मुलांची वाट दिसते. 1929 साली प. पू. बाबासाहेब स्टार्ट समितीचे सदस्य होते. मुंबई इलाख्यातील अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी हे तिचे कार्य. खानदेशातील एका गावच्या सामाजिक बहिष्काराची पाहणी करून धुळ्याहून परतताना ते आपल्या बांधवांच्या आग्रहास्तव चाळीसगावी थांबले. महारवाड्यापर्यंत टांगा हाकण्यास टांगेवाले राजी होईनात. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपल्यापैकीच, आणि हात सरावाचा नव्हता! पुलावर बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा टांग्यासह नदीत कोसळला.

विलायतेच्या बॅरिस्टरास टांगेवाला मिळेना, तिथे शाळेसाठी धुळ्या-जळगावास निघालेल्या पोरास खोली कोण देणार? फी माफ झाली तरी रात्री निजायचे कोठे, हा खरा अडसर होता. सोलापुरास बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 सालीच वसतिगृह काढले होते. स्टार्ट समितीनेही 1930 च्या अहवालात वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांवर भर दिला. मॅट्रिकनंतरच्या केंद्रीय शिष्यवृत्तीस मात्र 1944 साल उजाडले, आणि जळगावी विद्यापीठ येण्यास 1990.